चिठ्ठीविना मिळणारी गोळी

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवती रोज पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी आहे. शहरातील तरुण या जागेला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात आणि संध्याकाळी येतात. पहाट मात्र आमची असते. आमच्या आठ-दहा जणांच्या गटात माजी अधिकारी, अभियंते, प्राध्यापक आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत. महागाई भत्ता, निवडणुकांचे निकाल, रक्तातील साखर, गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया, प्रोस्टेट, इतकेच काय, मृत्युपत्र कसे करावे यावरही आम्ही मोकळेपणाने बोलतो. एका विषयावर मात्र इतक्या वर्षांत कोणी अवाक्षर काढलेले नाही. आज मी त्याच विषयावर लिहीत आहे. तो लिहिण्याचा अधिकार मला माझ्या एका चुकीने मिळाला.

मला मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. रक्तदाबाची गोळीही चालू आहे. साठी ओलांडल्यावर लिंगाच्या ताठरतेची तक्रार सुरू झाली, जिला वैद्यकशास्त्र इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणते. ज्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी साखर दाखवायला जात होतो, त्यांना मी हे कधी सांगितले नाही आणि त्यांनीही कधी विचारले नाही. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मला कोणी ओळखत नाही अशा दूरच्या वस्तीतील एका औषधाच्या दुकानात मी रात्री गेलो. गोळीचे नाव न घेता अर्धवट वाक्यात मागणी सांगितली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, वय विचारले नाही, दुसरी कोणती औषधे चालू आहेत हेही विचारले नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली चार गोळ्यांची पट्टी पुढे सरकवत तो म्हणाला, "साहेब, शंभरचीच घ्या, पन्नासने काही होत नाही." बिल मी मागितले नाही आणि त्याने दिले नाही.

पहिल्या दोन वेळा डोके दुखणे आणि चेहरा गरम होणे यापलीकडे काही झाले नाही. तिसऱ्या वेळी मध्यरात्र उलटल्यावर छाती आवळल्यासारखी वाटू लागली. मुलगा व सून मला रुग्णालयात घेऊन गेले. तातडीच्या विभागात माझ्या मुलीच्या वयाची एक डॉक्टर होती. तिने हृदयाचा आलेख काढला, नेहमीच्या औषधांची यादी विचारली आणि शेवटी त्याच साध्या आवाजात म्हणाली, "काका, गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक संबंधासाठी म्हणून काही गोळी घेतली आहे का?" सून खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी म्हणालो, "नाही."

शासनात मी तीन दशकांहून अधिक काळ काढला. चौकशी समित्यांपुढे आणि न्यायालयांत साक्षी दिल्या. इतक्या सरळ प्रश्नाला इतके सरळ खोटे उत्तर मी कधी दिले नव्हते. परिचारिकेच्या हातात जिभेखाली ठेवायची गोळी तयार होती. तेवढ्यात माझी पत्नी पुढे झाली. "घेतली आहे, डॉक्टर. रात्री साडेदहाला. शंभरची." मग माझ्याकडे वळून एवढेच म्हणाली, "अहो, जीव जाईल तुमचा." डॉक्टरने परिचारिकेला तिथेच थांबवले आणि उपचाराची दिशा बदलली.

ती जिभेखालची गोळी नायट्रेट वर्गातील होती. सिल्डेनाफिल पोटात असताना नायट्रेट दिले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि आधीच रक्त कमी मिळत असलेल्या हृदयाला तो धक्का सोसत नाही. पुढे माझ्या हृदयाच्या एका रोहिणीत स्टेंट बसवला गेला आणि मी बरा झालो. परंतु त्या एका 'नाही'चा विचार मनातून गेला नाही. माझ्यासारख्या शिकलेल्या, पेन्शनधारक, घरात वर्तमानपत्रे व पुस्तके असलेल्या माणसाने जे केले, ते या देशात दररोज किती जण करत असतील? म्हणून हा खासगी प्रसंग मी सार्वजनिक धोरणाचा प्रश्न म्हणून मांडत आहे.

एका रेणूचा इतिहास

इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे प्रथम औषधाचा इतिहास पाहतो. सिल्डेनाफिल हा रेणू इंग्लंडमधील केंट परगण्यातील सँडविच या गावी, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला. शोध चालला होता हृदयशूळावरील, म्हणजे अँजायनावरील औषधाचा. १९९० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या चाचण्यांत छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. मात्र चाचणीत सहभागी झालेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला ताठरतेच्या दोषावरील औषध म्हणून मान्यता दिली. 'व्हायग्रा' हे त्याचे व्यापारी नाव जगभर पसरले.

त्याच १९९८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो व फरीद मुराद या तिघांना मिळाले. नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात रक्तवाहिन्या सैल करण्याचा संदेश पोहोचवतो, हे त्यांनी दाखवले होते. लैंगिक उत्तेजनाच्या वेळी हाच संदेश लिंगातील रक्तवाहिन्यांना मिळतो, त्या रुंदावतात व रक्त भरते. काम संपल्यावर पीडीई-५ नावाचे विकर हा संदेश पुसून टाकते. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधे त्या विकराला रोखतात, म्हणून संदेश अधिक वेळ टिकतो. याचा अर्थ असा की, उत्तेजना मुळातच नसेल तर गोळी काही करत नाही. ती इच्छा निर्माण करत नाही, वीर्य वाढवत नाही आणि तारुण्यही परत आणत नाही.

नायट्रेट औषधे याच वाटेने काम करतात. ती शरीरात नायट्रिक ऑक्साइडचा पुरवठा वाढवतात. एका औषधाने नळ पूर्ण उघडायचा आणि दुसऱ्याने निचरा बंद करायचा, असे दोन्ही एकाच वेळी झाले की शरीरभरच्या वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब तळाला जातो. आल्फ्रेड नोबेल यांना नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांनी संपत्ती मिळवून दिली आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या हृदयविकारावर डॉक्टरांनी सुचवलेले औषधही नायट्रोग्लिसरीनच होते. हृदयाच्या दुखण्यासाठी शोधलेला रेणू हृदयाच्याच दुसऱ्या औषधाचा वैरी ठरावा, हा योगायोग नाही. दोघांची वाट एकच आहे.

भारतात ही गोळी मूळ कंपनीच्या आधी भारतीय कंपन्यांनी आणली. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या उत्पादनाला नव्हे, तर केवळ ते बनवण्याच्या प्रक्रियेला संरक्षण होते. त्यामुळे २००१ साली पेनेग्रा, कॅव्हर्टा, सिलाग्रा अशा देशी नावांनी सिल्डेनाफिल बाजारात आले. फायझरने आपली व्हायग्रा इथे २००५ च्या अखेरीस, म्हणजे नवा पेटंट कायदा आल्यानंतर विक्रीस आणली. स्वस्त औषधाचे हे भारतीय यश निर्विवाद आहे आणि मी त्याचा अभिमान बाळगतो. परंतु किंमत खाली आणण्यात आपण जितके यशस्वी झालो, तितके ते औषध योग्य माणसाच्या हाती योग्य सल्ल्यासह पोहोचवण्यात झालो नाही.

कायद्याने ओळखलेला रोग

आपल्या परंपरेने या विषयाला कधी गुपित मानले नव्हते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग आहे आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला दुसरा अध्याय दिलेला आहे. म्हणजे ज्वराच्याही आधी. लाज नंतर आली आणि लाजेच्या मागोमाग बाजार आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील देशी वर्तमानपत्रे चाळली तर जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांसारख्या जाहिरातींनी स्तंभच्या स्तंभ भरलेले दिसतात. आजही रेल्वेने प्रवास करताना स्थानकाआधीच्या भिंतींवर 'गुप्तरोग' हा शब्द वाचल्याशिवाय कोणत्याही शहरात शिरता येत नाही.

या बाजाराला आळा घालण्यासाठी १९५४ साली औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा झाला. लैंगिक सुखाची क्षमता टिकवणे वा वाढवणे यासाठीच्या औषधांची जाहिरात त्याने निषिद्ध केली. हमदर्द दवाखान्याने या कायद्याला आव्हान दिले. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील काही भाग रद्द केले, परंतु त्याचा मूळ हेतू मान्य केला. तो हेतू होता स्वचिकित्सा रोखण्याचा: माणसाने जाहिरात वाचून स्वतःच स्वतःचा वैद्य होऊ नये. पासष्ट वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या निकालातील चिंता माझ्या खिशातल्या कागदी पुडीत जशीच्या तशी होती.

मराठी वाचकांना या संदर्भात रघुनाथ धोंडो कर्वे यांची आठवण करून देण्याची गरज नसावी. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू करणारे आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवणारे कर्वे वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना साध्या भाषेत, शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांना दंड झाला. भोंदू औषधांच्या जाहिराती सर्रास छापल्या जात होत्या त्या काळात प्रामाणिक उत्तर देणाऱ्याला दंड भरावा लागला. लाज आणि फसवणूक यांची ही युती त्या काळापासून आजवर फारशी मोडलेली नाही.

धोका कुठे आहे

मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या एका घटनेची देशभर चर्चा झाली. एक्केचाळीस वर्षांच्या पुरुषाने मद्यासोबत सिल्डेनाफिलच्या पन्नास मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अस्वस्थ वाटू लागले, पण त्याने वैद्यकीय मदत घेण्याचे टाळले. मेंदूतील रक्तस्रावाने त्याचा मृत्यू झाला. दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉक्टरांनी न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात या प्रकरणाची नोंद केली. असे मृत्यू विरळ आहेत आणि एका घटनेवरून औषधाला विष ठरवणे चुकीचे होईल. योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत ही औषधे सुरक्षित असल्याचा पाव शतकाहून अधिक काळाचा जागतिक अनुभव आहे. शिवाय सिल्डेनाफिल फुप्फुसातील रक्तवाहिन्यांच्या उच्च दाबावरही दिले जाते. मला त्या घटनेत गोळीपेक्षा सकाळची टाळाटाळ अधिक ओळखीची वाटली.

दुसरे उदाहरण सिंगापूरचे आहे. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तेथील रुग्णालयांत मधुमेह नसलेले दीडशे रुग्ण रक्तातील साखर धोकादायक पातळीवर उतरल्याने दाखल झाले. तपासात आढळले की, त्यांच्यापैकी अनेकांनी बनावट किंवा 'वनौषधी' म्हणून विकलेल्या कामोत्तेजक गोळ्या घेतल्या होत्या आणि त्यांत ग्लायबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मिसळलेले होते. चौघांचा मृत्यू झाला. 'पूर्णपणे नैसर्गिक' असे लिहिलेल्या भुकटीत सिल्डेनाफिलच मिसळल्याचे प्रकार अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केले आहेत. जो माणूस हृदयाची औषधे चालू असल्यामुळे मुद्दाम 'जडीबुटी' निवडतो, तोच अशा वेळी नकळत सर्वांत मोठा धोका पत्करतो.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगितल्या पाहिजेत. सॉर्बिट्रेटसारखी कोणतीही नायट्रेट गोळी, फवारा वा पट्टी वापरणाऱ्याने ही औषधे घेऊ नयेत. रोज नव्हे, केवळ गरजेला म्हणून खिशात ठेवली असली तरीही. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर किमान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट देता येत नाही, कारण टाडालाफिल शरीरात कितीतरी अधिक वेळ राहते. छातीत दुखले तर स्वतः काही न घेता रुग्णालय गाठावे आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते पहिल्या वाक्यात सांगावे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी अल्फा-ब्लॉकर औषधे चालू असतील तर उभे राहताच चक्कर येऊ शकते. त्यांची जोडणी डॉक्टरांनीच करायची असते. बुरशीवरील व एचआयव्हीवरील काही औषधे आणि एरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके यांच्यामुळे रक्तातील सिल्डेनाफिलचे प्रमाण वाढते.

मात्रेविषयी दुकानदाराने मला दिलेला सल्ला सर्वस्वी उलटा होता. सामान्यतः सुरुवात पन्नास मिलिग्रॅमने होते. पासष्टी ओलांडलेल्यांना, तसेच यकृत वा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना ती पंचवीसने करावी असे औषधाच्या माहितीपत्रकातच असते. शंभर ही सर्वोच्च मर्यादा आहे आणि दिवसातून एकाहून अधिक वेळा गोळी घ्यायची नसते. गोळी साधारण तासभर आधी घ्यायची असते. तेलकट, जड जेवणानंतर तिचा परिणाम उशिरा सुरू होतो, आणि 'चालली नाही' असे समजून अनेक जण दुसरी गोळी घेतात. तिथे चूक होते. मद्य रक्तदाब उतरवते आणि ताठरताही कमी करते. अचानक एका डोळ्याने दिसेनासे झाले, ऐकू येणे अचानक कमी झाले किंवा ताठरता चार तासांनंतरही उतरली नाही, तर ती लाजण्याची नव्हे, तातडीने रुग्णालयात जाण्याची बाब आहे.

याहूनही महत्त्वाची एक गोष्ट मला स्टेंट बसवल्यानंतर कळली. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा अरुंद असतात. रक्तवाहिन्यांत थर साचू लागला की तो आधी तिथे जाणवतो. अनेक पुरुषांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी सुरू होते. म्हणजे माझे शरीर मला वेळेवर सूचना देत होते आणि मी ती सूचना गोळी घेऊन बंद केली. ज्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलो असतो तर हृदयाची तपासणी झाली असती, ती तक्रारच मी दुकानात नेली.

कायदा आहे, अंमल नाही

औषध नियम १९४५ च्या 'शेड्यूल एच'मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्रीस निषिद्ध आहेत. पट्टीवर लाल रेघेजवळ ते छापलेले असते. १ मार्च २०१४ पासून प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय लावणारी अशा ४६ औषधांसाठी 'एच-१' ही कडक वर्गवारी आली. त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. सिल्डेनाफिल त्या यादीत नाही. दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता असावा आणि त्याने रुग्णाला सल्ला द्यावा, हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत लिहिलेले आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि गल्ल्यावर दुसराच कोणी बसलेला असतो.

एका जिल्ह्यात काम करताना औषध निरीक्षकाच्या दौऱ्याची कागदपत्रे माझ्यापुढे येत. एका निरीक्षकाकडे इतकी दुकाने असत की वर्षातून एकदा प्रत्येकाला भेट देणेही अशक्य होते. माशेलकर समितीने २००३ साली दर २०० विक्री दुकानांमागे एक निरीक्षक असावा असे सुचवले होते. त्या कागदांवर मी 'पाहिले' असा शेरा मारून सही करत असे. आज वाटते, तो शेरा खरा नव्हता.

छत्तीसगडला औषधांच्या दर्जाचा प्रश्न शिकवावा लागू नये. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातील नसबंदी शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रियांचा मृत्यू झाला आणि शस्त्रक्रियेतील हलगर्जीबरोबर दिलेल्या गोळ्यांवरही संशयाचे बोट रोखले गेले. त्या स्त्रिया शासनाच्या शिबिरात आल्या होत्या, त्यामुळे निदान चौकशी झाली. काळोखात विकत घेतलेल्या गोळीने कोणी दगावला तर मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' एवढेच लिहिले जाते. घरच्यांना माहीत नसते, किंवा माहीत असले तरी ते सांगत नाहीत.

मग करावे काय? केवळ कडकपणा वाढवावा, हे माझ्या पेशाचे पहिले उत्तर असायला हवे. परंतु चिठ्ठी सक्तीने मागितली तर लाजणारा माणूस डॉक्टरांकडे जाईल की भिंतीवरच्या क्रमांकावर फोन करील, याचा विचार केला पाहिजे. ब्रिटनने नोव्हेंबर २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. पन्नास मिलिग्रॅमचे सिल्डेनाफिल तेथे चिठ्ठीविना, पण केवळ प्रशिक्षित औषधनिर्मात्याच्या हातून मिळू लागले. तो आधी हृदय, रक्तदाब आणि चालू औषधे यांविषयी ठरावीक प्रश्न विचारतो, गोळी देता येत नसेल तर नाकारतो आणि डॉक्टरांची भेट घेण्यास सांगतो. बनावट गोळ्यांच्या चोरट्या बाजारातून माणसांना बाहेर काढणे हा त्यामागील एक हेतू होता. आपल्याकडे तसे औषधनिर्माते प्रत्येक दुकानात नाहीत, म्हणून ती व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही. पण तिच्यातील प्रश्नावली उचलता येते. चिठ्ठी असो वा नसो, गोळी देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारणे आणि स्थानिक भाषेतील, मोठ्या अक्षरांतील एक पानी सूचना पट्टीसोबत देणे यासाठी नवा कायदा लागत नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. मधुमेही पुरुषांत ताठरतेचा दोष अधिक प्रमाणात आणि कमी वयात आढळतो, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. तरीही मधुमेहाच्या तपासणीत डोळे पाहिले जातात, पाय पाहिले जातात, मूत्रपिंड पाहिले जाते आणि हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. रुग्ण लाजतो, डॉक्टरला वेळ नसतो आणि कधी तोही लाजतो. छापील केसपेपरवर हा प्रश्न एका ओळीत आला तर तो दोघांच्याही तोंडून काढावा लागणार नाही. छत्तीसगडमधील मितानीन, जिच्या नमुन्यावर पुढे देशभर 'आशा' उभ्या राहिल्या, घरोघरी जाऊन आरोग्याची विचारपूस करते; परंतु हा प्रश्न तिने गावातील पुरुषांना विचारावा अशी अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. त्यासाठी पुरुष आरोग्य कार्यकर्ता किंवा ई-संजीवनीसारखी दूरध्वनीवरील शासकीय सेवा अधिक योग्य. तेथे रुग्णाला आपला चेहरा शेजाऱ्याला दाखवावा लागत नाही, आणि सल्ला देणारा मात्र नोंदणीकृत डॉक्टर असतो.

तिसरी गोष्ट शासनाच्या प्रयोगशाळांची. 'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्या व कॅप्सूल यांचे नमुने नियमितपणे तपासून त्यांत आधुनिक औषध मिसळले आहे का, हे जाहीर झाले पाहिजे. १९५४ च्या कायद्याचा अंमल भिंतींवरून सुरू झाला तरी पुष्कळ होईल.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात लैंगिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग डॉ. प्रकाश कोठारी यांनी उभा केला, डॉ. विठ्ठल प्रभू यांनी मराठीत या विषयावर सभ्य व शास्त्रीय पुस्तके लिहिली. म्हणजे मार्ग नव्हता असे नाही. तो जिल्हा रुग्णालयापर्यंत आला नाही.

एक कागद

स्टेंटनंतर काही महिन्यांनी मी माझ्या हृदयरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारले. पत्नी सोबत होती. त्यांनी मला दम न लागता दोन मजले चढता येतात का ते पाहिले, औषधांची यादी तपासली, नायट्रेटची गरज उरलेली नाही याची खात्री केली, साखर आटोक्यात आणायला सांगितले आणि मग पंचवीस मिलिग्रॅमची चिठ्ठी लिहून दिली. ती देताना म्हणाले, "ही औषधाच्या यादीत इतर औषधांसारखीच लिहून ठेवा. पाकिटातही एक प्रत ठेवा." आमचे हे बोलणे चार मिनिटांत संपले. त्या चार मिनिटांसाठी मी काही वर्षे घालवली होती आणि जवळजवळ जीवही.

गेल्या महिन्यात तेलीबांध्याच्या काठावर, दुसऱ्या फेरीनंतर बाकावर बसलो असताना, मी हा सगळा प्रसंग आमच्या गटाला सांगितला. कोणी हसले नाही. न्यायाधीशांनी विषय बदलून पावसाची चौकशी केली आणि आम्ही उठलो. फाटकापाशी गटातील एक जण मागे रेंगाळला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असते हे आम्हा सर्वांना माहीत आहे. चढावर दम लागला की तो ती चाचपतो. इतरांना पुढे जाऊ देऊन तो हळूच म्हणाला, "ते चोवीस तासांचं काय म्हणालात? पुन्हा एकदा सांगा."

मी त्याला पुन्हा सांगितले. नायट्रेट चालू असताना तास मोजायचे नसतात, ती गोळी घ्यायचीच नसते, हेही सांगितले. त्याच दिवशी संध्याकाळी मी त्याला माझ्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो.